टर्बो गाडीला ‘हेडर’ बसवला की पॉवर वाढते? पैसे मोजण्याआधी हे समजून घ्या

इन्स्टाग्रामवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असाल, तर हे रील तुमच्यासमोर आलंच असेल. लिफ्टवर चढवलेली कार, खालून दिसणारे चकचकीत स्टीलचे पाइप आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निघणारा फाडफाड आवाज. दावा एकच असतो, नवा हेडर बसवा आणि पॉवर वाढवा.

दुसरीकडे बातम्यांमध्ये पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवताना दिसतात. त्यात बहुतेक बुलेटचे सायलेन्सर असतात. त्यामुळे कारवाल्यांना वाटतं, आपला याच्याशी काय संबंध? पण संबंध आहे.

हेडर म्हणजे नेमकं काय?

इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. हे सगळे प्रवाह एकत्र करणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. कंपनी तो बहुतेक वेळा बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा देते. बाजारात मिळणारा हेडर हे त्याचंच स्टीलच्या नळ्यांचं रूप. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी आणि शक्यतो सगळ्यांची लांबी सारखी.

टर्बो नसलेल्या इंजिनात याचा फायदा होतो. एका सिलिंडरमधून बाहेर पडणारा झोत पुढच्या सिलिंडरमधला वायू ओढून घ्यायला मदत करतो.

मग टर्बोमध्ये गणित कुठे बदलतं?

टर्बो गाडीत या नळ्यांच्या तोंडाशीच टर्बाइन बसलेलं असतं. ते गरम वायूच्या दाबावर आणि उष्णतेवर फिरतं. नळ्या लांब आणि पातळ केल्या, तर वाटेतच उष्णता निघून जाते आणि टर्बो उशिरा जागा होतो. म्हणजे पैसे खर्च करून गाडी खालच्या आरपीएमला आणखी सुस्त होऊ शकते.

शिवाय टर्बो किती दाब देणार, हे गाडीचा ईसीयू ठरवतो. टर्बो तोच आणि ईसीयूची सेटिंग तीच असेल, तर नुसता हेडर बदलून हाती फार काही लागत नाही. आवाज मात्र बदलतो आणि आवाज वाढला की गाडी जास्त पळते असं वाटायला लागतं.

अनेक गाड्यांमध्ये हेडर वेगळा नसतोच

फोक्सवॅगन व्हर्टस, टायगुन, स्कोडा स्लाव्हिया, कुशाक यांच्यातल्या 1.0 टीएसआय इंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. फोर्ड इकोस्पोर्टमधल्या 1.0 इकोबूस्टमध्येही तसंच होतं. हेडला थेट टर्बो जोडलेला, त्यामुळे बदलायला वेगळा हेडर शिल्लकच राहत नाही.

मग अशा गाडीत ‘हेडर’ म्हणून काय बदललं जातं? तर डाउनपाइप, म्हणजे टर्बोच्या पुढचा भाग. आणि खरी गोम इथेच आहे. टर्बोला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंच्या मदतीने तो कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचं कमी घातक वायूंमध्ये रूपांतर करतो. ‘कॅटलेस’ डाउनपाइप बसवला की तो थेट बाहेर जातो.

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 लागू झालं, ते ज्या भागांच्या भरवशावर, त्यातला हा एक महत्त्वाचा भाग. तो काढला की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. मग ईसीयूमध्ये फेरफार करून तो दिवा बंद केला जातो. दिवा विझतो, पण विषारी वायू बाहेर पडतच राहतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार आवाज आणि हवेच्या प्रदूषणाची मानकं मोडली, तर पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय 3 महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जागेवर भरायची रक्कम राज्यानुसार वेगळी असू शकते.

मग सीएनजी किट कसं चालतं? कारण ते मान्यताप्राप्त असावं लागतं आणि त्याची आरसीवर नोंद होते. कॅटलेस पाइपला असा मार्ग नाही. वर कंपनीची वॉरंटी आणि विम्याचा दावा अडण्याचा धोका वेगळाच.

ट्रॅकसाठीच करायचं असेल तर?

गाडी फक्त रेस ट्रॅकवर चालवायची असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा चकचकाटापेक्षा पुढच्या गोष्टी बघा.

– हेडरवर टर्बोचं वजन येतं. पातळ पत्र्याच्या नळ्या तापून, थंड होऊन वेल्डिंगजवळ तडकतात. नळीची जाडी विचारा आणि टर्बोला वेगळा आधार द्या.

– इंजिन पूर्ण थंड असतानाच काम करा. जुने स्टड गंजलेले असतात, जोर लावला की हेडमध्येच तुटतात.

– गॅस्केट नवं घाला. नट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे आवळा. काही वेळा गाडी तापून थंड झाली की पुन्हा तपासा.

– हीट शील्ड परत बसवा. पेट्रोल इंजिनात इथलं तापमान 900 अंशांच्या आसपास जाऊ शकतं. शेजारीच टर्बोची ऑइल लाइन असते, तिथे गळती झाली की आग लागू शकते.

रस्त्यावरच्या गाडीसाठी मात्र गॅरेजवाल्याला तीनच प्रश्न विचारा. माझ्या इंजिनात मॅनिफोल्ड वेगळा आहे का? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहणार का? पॉवर किती वाढली, हे याच गाडीवर आधी आणि नंतर डायनो मशीनवर मोजून दाखवणार का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तरी पीयूसी, आवाजाची मर्यादा आणि नियमांची परवानगी हे प्रश्न उरतातच. आणि एकाचं जरी ‘नाही’ आलं, तर तुम्ही पॉवर नाही, फक्त आवाज विकत घेताय.