अंदाजासोबत 'इकडे-तिकडे किती' तेही सांगा



अक्षय्य तृतीया झाली की आपल्या जिल्ह्यात पहिला प्रश्न ठरलेला, "भेंडवळची मांडणी काय म्हणते?" जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी वाघ घराण्याने शेतात घट मांडायचा, भोवती अठरा धान्ये, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि वर पाण्याचे भांडे, दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहून भाकीत सांगायचे. तीनशेहून अधिक वर्षांची चाल सांगतात. श्रद्धावंतांशी आम्हाला भांडायचे नाही. पण "कुठे जास्त, कुठे कमी" हे भाकीत कधी चुकतच नाही, आणि जे चुकू शकत नाही त्याच्या भरवशावर ऊस लावता येत नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आता दुसरी मांडणी आली आहे, संगणकाची. अमुक सालापर्यंत पाऊस इतके टक्के वाढणार, उष्णता इतकी चढणार, अशा बातम्या येतात. त्यावर आपल्याकडे दोनच बोल ऐकू येतात, "झालं, आता खरं नाही" किंवा "सगळं कागदावरचं हाये". दोन्ही बोल घाईचे आहेत.

ही हवामानाची प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात. जगाच्या प्रारूपाचे चौकोन मोठे, म्हणून एखाद्या भागापुरते बारीक चौकोन पाडून प्रादेशिक प्रारूप चालवतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत दक्षिण आशियासाठी असे काम झाले, त्यात चौकोनाची बाजू सुमारे ५० किलोमीटर होती. आपला जिल्हा ९,६६१ चौरस किलोमीटरचा. म्हणजे सारा बुलढाणा जेमतेम चार चौकोनांत बसला! घाटावरची चिखली आणि घाटाखालचे मलकापूर यांची हवा एक नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण चौकोनाला उंची एकच, पाऊसही एकच. चौकोन याहून बारीक करता येतात, केलेही आहेत. मात्र बारीक झाले म्हणून खरे झाले असे नाही. प्रादेशिक प्रारूपाला कडेने येणारे वारे आणि बाष्प जगाच्या प्रारूपाकडूनच मिळते. मुख्य पाटातच गढूळ आले तर चारीत नितळ कुठून येणार?

मग या आकड्याचा भरवसा जोखायचा कसा? शास्त्रज्ञ आधी प्रारूपाला मागची तीस वर्षे सांगायला लावतात आणि पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहतात. शिवाय एकाऐवजी अनेक प्रारूपे चालवून त्यांच्या उत्तरांत फरक किती पडतो ते मोजतात. आपल्या शेतकी खात्याचा माणूस तरी एकाच उसाचा ब्रिक्स पाहून तोडीची चिठ्ठी देतो का? चार ठिकाणचा ऊस घेतो. पण चारही ऊस बांधाकडेचेच निघाले तर? प्रारूपांचेही तसेच आहे. पुष्कळशी एकाच घराण्यातली, एकमेकांकडून भाग उसने घेतलेली. दहांचे एकमत झाले तरी ते दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत.

त्यात माणसे पुढे किती धूर सोडणार हे कोणालाच ठाऊक नाही, आणि हवेचा स्वतःचा लहरीपणा वेगळाच. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ साली यंत्राला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला, तर पुढची सारी हवाच बदलून गेली.

२०२३ सालचे पाहा. तो अंदाज एका हंगामाचा होता, शतकाचा नव्हे, पण आपल्याला शिकवून गेला. एप्रिलमध्ये हवामान खात्याने देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला, इकडे-तिकडे ५ टक्के धरून. पडला ९४ टक्के. अंदाज बरोबर! पण जुलैत आपल्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पुराने शेते खरवडून नेली, आणि पाठोपाठचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. पीक सरासरीवर वाढत नसते हो, ते पाळीवर वाढते.

म्हणून सगळे आकडे सारख्याच भरवशाचे धरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० सालचा अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ मध्ये देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने चढले. पुढेही चढणार, यावर सगळी प्रारूपे एका दिशेला आहेत. पावसाचे मात्र तसे नाही. त्याच अहवालानुसार १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि प्रारूपे पुढे तो वाढेल म्हणतात. आपल्या तालुक्यात किती, हे चार चौकोन सांगू शकणार नाहीत.

पण उसाला पहिली गोष्ट पुरेशी आहे. बारा महिने उभे राहणारे पीक, त्यात एप्रिल-मेचे ऊन वाढले तर पाऊस कसाही पडो, पाण्याची भूक वाढणारच. पाऊस वाढेल या आशेवर लागवडीचे क्षेत्र वाढवणे हा जुगार झाला. ठिबक करणे, पाचट न जाळता सरीत ठेवणे, दोन एकराऐवजी एकच एकर नीट जोपासणे, यात पाऊस वाढला तरी तोटा नाही आणि घटला तरी नाही. कर्ज द्यायचे तर आधी या कामांना द्यावे. आणि मार्गदर्शनाला येणारे साहेब टक्केवारी सांगतील तेव्हा "इकडे-तिकडे किती, आणि किती प्रारूपांवरून?" हे विचारायला सभासदाने लाजू नये. खरा जाणकार या प्रश्नावर रागवत नाही.

लागवडीचे धोरण वार्षिक सभेपुढे येईल तेव्हा आम्ही आणखी एक आकडा मागणार आहोत. मे महिन्यात विहिरीवर मोटार किती तास चालते, तो गटवार आकडा, आणि तोही चांगल्या सालचा नको, वाईट सालचा हवा. ज्यांनी आजवर लिहिला नसेल त्यांनी येत्या उन्हाळ्यापासून लिहावा. वहीत रोज एक ओळ पुरते.