पासवर्ड कुणाच्या हाती?

प्रवेशाचे दिवस आले की आमच्याकडे मुली आणि त्यांच्या आया चौकशीला येतात. पूर्वी प्रश्न ठरलेले असत. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळेल, शिष्यवृत्तीची मुदत कधीपर्यंत आहे, वसतिगृहात जागा आहे का. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रश्न आला आहे. मुलगी मोबाईल पुढे करते आणि म्हणते, "सर, लॉगिनच होत नाही." दोन मिनिटं विचारपूस केली की उलगडा होतो : ओटीपी भावाच्या नंबरवर जातो. भाऊ कामावर असतो, कधी रियाधला असतो, आणि दर वेळी "आता कशाला हवाय?" असं विचारतो. बी. ए. ला शिकणाऱ्या एका मुलीने तर त्या विचारण्याचा कंटाळा येऊन विद्यापीठाच्या साइटवर प्रकल्प चढवलाच नाही. प्रकल्प लिहून तयार होता.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण विद्यापीठीय शिक्षणाचा मोठा भाग आता याच दारातून जातो आहे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, वर्ग बंद पडले तेव्हा नाइलाजाने उभी राहिलेली व्यवस्था पुढे कायमची झाली. प्रत्येक विषयाचं ऑनलाइन पान असतं. त्यावर टिपणं, व्याख्यानांची चित्रफीत, गृहपाठ, चर्चेची जागा आणि गुण. कुणी त्यासाठी मूडल वापरतं, कुणी गूगल क्लासरूम. केंद्र सरकारचा 'स्वयम्' हा मंच २०१७ पासून सुरू आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला तिथून करता येतात. आधी ही मर्यादा २० टक्के होती. मिळालेली श्रेयांकं 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा होतात. याच्या जोडीला आता काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ आला आहे. विद्यार्थ्याने वर्षानुवर्षं केलेलं काम, पहिला कच्चा खर्डा, शिक्षकांच्या दुरुस्त्या, नंतरचा खर्डा आणि 'यातून मी काय शिकलो' हे स्वतःच्या शब्दांत, अशी ती डिजिटल वही.

कल्पना उत्तम आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. तिथे शिकणारी मुलं बहुतेक स्थलांतरित, कष्टकरी घरांतली, पुष्कळदा घराण्यात कॉलेज पाहणारी पहिलीच. साधारण २००१-०२ पासून त्या कॉलेजने ही पद्धत रुजवली. पहिल्या सत्रात मुलगी आपल्याबद्दल लिहायला लागते, पुढच्या वर्गांत त्यात भर घालते आणि शेवटी मागे वळून पाहते. तीन तासांच्या परीक्षेत जे दिसत नाही ते तिथे दिसतं : आपण कुठून निघालो आणि कुठवर आलो.

आपल्याकडे काय होतं? 'जर्नल' हा शब्द ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल आणायचं, तसंच्या तसं उतरवायचं, रंगीत पेनाने शीर्षकं काढायची, सही घ्यायची. बी. एड्. च्या पाठ-नियोजनाच्या फाइली तर काही गावांत तयारच विकत मिळतात. हीच संस्कृती आता स्कॅन होऊन साइटवर चढते आहे. कोर्स-साइट म्हणजे पीडीएफचं गोदाम, आणि पोर्टफोलिओ म्हणजे 'नॅक'ची समिती येण्याआधी घाईघाईने भरलेलं कपाट. फोटो हवेत, प्रमाणपत्रं हवीत, वृक्षारोपणाचा अहवाल हवा. त्यात मुलीचं स्वतःचं एक वाक्य आहे का, हे कुणी पाहत नाही. शिक्षकांनाही सरसकट दोष देता येत नाही. निम्म्या जागा तासिका तत्त्वावर भरलेल्या असतील, तर शंभर-सव्वाशे मुलांचे खर्डे वाचून त्यावर दोन ओळी लिहायला वेळ कुणाकडे असणार?

आमच्या चिंतेचा विषय मात्र याहून वेगळा आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या अहवालात मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे २१ लाखांवरून १९.२ लाखांवर आली. एकूण विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा ४.६ टक्के, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के. या अवस्थेत घरबसल्या शिकण्याची कुठलीही सोय आपल्याला मोलाचीच आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून हेच केलं. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या, दुकानात बसणाऱ्या कितीतरी बायका त्या पुस्तकांवर पदवीधर झाल्या. त्यांत आमच्या मोहल्ल्यातल्याही आहेत, आणि काही आज या चळवळीत काम करतात.

पण सोयीचं बंधन व्हायला वेळ लागत नाही. "सगळं मोबाईलवर आहे ना, मग कॉलेजला कशाला जायचं?" हे वाक्य आम्ही आता वरचेवर ऐकतो. ते बोलणारा बाप दुष्ट नसतो. रस्त्यावरची भीती, शेजाऱ्यांची बोलणी, बसचं भाडं, सगळंच त्याच्या डोक्यात असतं. तरी परिणाम एकच : मुलगी नावापुरती विद्यापीठात आणि प्रत्यक्षात स्वयंपाकघरात. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला तेव्हा मागणी तलाकच्या कायद्याची होती, पण त्या सात जणी घराबाहेर पडल्या हीच त्या दिवशीची मोठी घटना होती. बसचा पास काढणं, ग्रंथालयात दुसऱ्या जातीधर्माच्या मुलीशेजारी बसणं, सरांना भर वर्गात उलट प्रश्न विचारणं हे कुठल्याही श्रेयांकात मोजलं जात नाही. कोर्स-साइट कॉलेजच्या जोडीला असावी; कॉलेजच्या जागी ती आली, तर पडद्याला नवं तंत्रज्ञान मिळालं एवढंच होईल.

श्रेयांकांच्या खात्याचंही तसंच. ही योजना कागदावर जणू आमच्या मुलींसाठीच बेतलेली आहे. श्रेयांकं सात वर्षांपर्यंत जमा राहतात. एका वर्षानंतर शिक्षण सुटलं तरी प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि पुन्हा आत येण्याची मुभा. निकाहमुळे दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडलेली मुलगी चार वर्षांनी, लेकरू बालवाडीत घालून, उरलेली पदवी पुरी करू शकते. फक्त ते खातं तिला उघडता आलं पाहिजे.

आणि इथेच अडतं. खातं आधारशी जोडलेलं, आधार मोबाईल नंबरशी, आणि नंबर माहेरच्या माणसाचा. मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे 'बी', कुठे 'बानो', कुठे 'बेगम'. 'शेख' या दोन अक्षरांची इंग्रजी स्पेलिंगं कारकुनागणिक निराळी. अर्जातले पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव हे तीन चौकोन ज्यांनी आखले, त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या घरातली नावं नव्हती. त्यात लग्नानंतर आधारवर बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि उरलासुरला मेळही तुटतो. खरं तर लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असं इस्लाममध्ये कुठेही नाही. एरवी शरीयतचा हवाला उठसूट देणारी मंडळी या बाबतीत कशी गप्प असतात, हेही नोंदवून ठेवू.

पोर्टफोलिओबद्दल आणखी एक भीती आहे, आणि ती बोलायला मुली कचरतात. फोटो. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावाला' मांडले गेले. ते फोटो त्यांनी स्वतः समाजमाध्यमांवर टाकलेले, साधे, रोजचे होते. ते पाहिलेल्या मुलीला "तुझं पान सर्वांसाठी खुलं ठेव, नोकरी देणारे बघतील" असं सांगणाऱ्या प्राध्यापकाला तिची घालमेल समजत नाही. ती फोटो टाकत नाही, म्हणून ती मागासलेली ठरते. वास्तविक पान सुरुवातीला बंद असावं आणि कुणाला दाखवायचं ते तिने ठरवावं, एवढी व्यवस्था कोणत्याही बऱ्या प्रणालीत असते. विद्यापीठं ती वापरत नाहीत, कारण त्यांना प्रदर्शन हवं असतं.

म्हणून विद्यापीठांकडे आमचं मागणं आहे. खातं उघडताना मुलीचा स्वतःचा नंबर किंवा ईमेल मागा, 'पालकांचा नंबर' नव्हे. १८ वर्षं पूर्ण झालेली मुलगी मत देऊ शकते, तर ओटीपीही घेऊ शकते. नावातल्या फरकासाठी दर वेळी प्रतिज्ञापत्राला पिटाळण्याऐवजी महाविद्यालयातच दुरुस्ती होऊ द्या. पोर्टफोलिओ मुलीच्या परवानगीशिवाय कुणालाही, पालकांनाही, दिसू नये. पदवी घेऊन बाहेर पडताना तो तिला सोबत नेता यावा. आणि ज्यांना उर्दूत लिहायचं आहे त्यांच्यासाठी उजवीकडून डावीकडे लिहिता येईल असा रकाना द्या. मूडलमध्ये ही सोय आहे, उर्दू आणि मराठी भाषाही आहेत. त्या चालू करायला पैसे पडत नाहीत.

घरांकडेही मागणं आहे, आणि तेच जास्त अवघड आहे. मुलीच्या नावावर एक सिमकार्ड. मध्यंतरी एका अब्बूंना हे सुचवलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नंबर तिचा झाला तर फोन कुणाचा येतो ते आम्हाला कसं कळणार?" मुलगी शेजारीच बसली होती, बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाला. तिने खाली मान घालून सांगितलं, "अब्बू, पहिल्या वर्षाचा निकाल तुम्हाला मीच दाखवला होता." पुढच्या आठवड्यात दोघं आधार केंद्राच्या रांगेत होते. अंगठा नीट उमटत नव्हता, भांडी घासून ठसे पुसट झाले होते, म्हणून त्यांना दुसऱ्यांदा यायला सांगितलं. दुसऱ्यांदा अब्बू एकटेच निघाले होते. तिने त्यांना थांबवलं, कारण अंगठा तिचाच लागणार होता.