मासळी कोठे आहे, आणि ती कोणाची आहे?

हैदराबादेला समुद्र नाही. हुसेनसागराच्या नावात सागर आहे, एवढेच! तरीही भारताच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराने होडी कोणत्या दिशेला न्यावी, हे सांगणारी संस्था आपल्याच शहरात आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच 'इन्कॉइस', ही ती संस्था. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहांकडून कळते, आणि त्यावरून मासळीचे थवे कोठे जमण्याचा संभव आहे, याचा अंदाज हे केंद्र देते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर, असा तो सल्ला असतो. ह्या अंकाच्या दोन्ही भाषांत, मराठीत व कन्नडमध्येही, तो दिला जातो. शोधाशोधीत जाणारा वेळ आणि डिझेल त्यामुळे वाचते. ह्या कार्याचा मला अभिमान वाटतो. परंतु मासळी कोठे आहे हे कळल्याने ती कोणाला मिळावी हा प्रश्न सुटतो काय?

माझ्या मते सुटत नाही. सल्ला सर्वांना सारखाच मिळतो, पण बोटी सर्वांच्या सारख्या नसतात. लहान होडीवाला त्या जागी पोहोचण्याआधीच मोठ्या इंजिनाची बोट तेथे पोहोचलेली असते. ज्ञान सर्वांना वाटले म्हणजे न्याय झाला, असे समजण्याची चूक आपण सुशिक्षित लोक फार सहज करतो.

मासेमारीचा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सिंधुदुर्गात जिला रापण म्हणतात, गोव्यात रांपण आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर रंपणी, ती पद्धत एकच. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकायचे, गावातील माणसांनी त्याची दोन्ही टोके धरून ते किनाऱ्यावर ओढायचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे. ज्याच्याजवळ स्वतःची होडी नाही, त्याच्या हातांच्या श्रमालाही येथे किंमत होती. १९७५ नंतरच्या काही वर्षांत कर्नाटकात पर्ससीन जाळी वाढली. हे जाळे मासळीचा थवा समुद्रातच चहूबाजूंनी घेरते आणि बटव्याच्या तोंडासारखे खालून आवळले जाते. किनाऱ्याकडे येणारा थवा वाटेतच उचलला जाऊ लागला आणि रंपणी मागे पडली. गोव्यात त्याच दशकात रांपणकारांनी यांत्रिक बोटींविरुद्ध आंदोलन उभारले. मथानी साल्ढाणा हे त्याचे एक प्रमुख नेते होते. १९८० मध्ये गोव्याचा आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला.

म्हणजे कायद्यांची वाण आहे असे नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये आपल्या सागरी हद्दीतील पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी खेचून घेण्यावर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने दंड लाखांच्या घरात नेला, आणि २०२५ च्या जानेवारीत किनाऱ्यावर गस्तीसाठी ड्रोन आले. तरीही मालवण-देवगडकडील पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी संपत नाहीत. परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आमच्या हद्दीत शिरतात, असे ते सांगतात. अशा वेळी मराठी विरुद्ध कन्नड असा वाद पेटविणे सोपे असते. पण रंपणी गमावलेला कन्नड मच्छीमार आणि रापण ओढणारा मालवणी मच्छीमार यांचे दुःख एकच आहे, हे विसरता कामा नये. भांडण भाषेचे नसून जाळ्याच्या आकाराचे आहे.

पर्ससीन बोटींवरही गरीब खलाशीच काम करतात, मालकांच्या डोक्यावर कर्ज असते, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो खोटा नाही. म्हणूनच त्यांना रोजगाराची दुसरी वाट दाखविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मात्र एकाचे कर्ज फेडण्यासाठी दहा जणांच्या ताटातील घास काढून घ्यावा, हे मला पटत नाही. शिवाय बारीक पिल्लेही उपसली गेली, तर उद्या मोठ्या बोटीलाही रिकाम्या हातीच परतावे लागेल.

माझी सूचना साधी आहे. उपग्रहाच्या साहाय्याने मासळीची जागा हुडकता येते, तशा रात्री समुद्रात प्रखर दिवे लावून उभ्या असलेल्या बोटीही उपग्रहाला दिसतात. मासळीचा सल्ला किनाऱ्यावर जातो, तशी ह्या बोटींची माहितीही गस्तीपथकाकडे आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे नियमाने जावी. किती बोटी पकडल्या आणि किती दंड वसूल झाला, हे लोकांना कळावे.

आणि आपण? पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविण्यात आले. रामनगरच्या किंवा बेगमबाजारच्या मासळीबाजारात तळहाताएवढेही नसलेले पापलेट स्वस्तात मिळाले, तरी ते घेऊ नये, इतके तर आपल्या हाती आहे. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे मुख्यालयही २००६ पासून ह्याच शहरात आहे. आपल्या अर्थशास्त्राच्या आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन प्रश्न विचारावेत. किनाऱ्याविषयीचे निर्णय ज्या शहरात घडतात, त्या शहरातील तरुणांनी 'आम्हांला समुद्राशी काय कर्तव्य?' असे म्हणणे शोभत नाही.