अभिलेखागाराचे रूपक आणि सूचीचे दारिद्र्य

मिशेल फुको यांचा १९६९ मधील ग्रंथ आणि जाक देरिदा यांचे १९९४ मधील लंडनचे व्याख्यान यांच्यामुळे ‘अभिलेखागार’ ही समीक्षेची प्रतिष्ठित संज्ञा झाली. मराठी सिद्धान्तचर्चेनेही ती उत्साहाने स्वीकारली. मात्र हस्तलिखितांची कपाटे, त्यांच्या सूची आणि त्या करणारी माणसे हा विषय तिने तांत्रिक ठरवून बाजूला सारला. ही विभागणीच असैद्धान्तिक आहे. फुको यांना अभिलेखागार म्हणजे इमारत अभिप्रेत नव्हती, हे खरे; परंतु काय म्हणता येते आणि काय नाही हे ठरवणारे नियम सूचीच्या नोंदीतही वावरत असतात. जे नोंदले गेले नाही, ते अभ्यासकापुरते लिहिलेच गेलेले नसते.

‘ख्रिस्तपुराणा’चे उदाहरण बोलके आहे. १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापलेल्या या काव्याच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ ची मंगळूर आवृत्ती रोमी परंपरेतली. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील पोथी देवनागरी आणि शब्दकळेने अधिक संस्कृतप्रचुर. फादर स्टीफन्स यांच्या भाषेविषयीचा निष्कर्ष कोणती प्रत हाती आली यावर बदलतो. एकाच संग्रहावर विसंबणारा अभ्यासक प्रतीलाच कृती समजून बसतो.

म्हणून प्रादेशिक संस्थांचे आणि अभिलेखपालांच्या संघटनांचे सहकार्य हा सौजन्याचा नव्हे, पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, तंजावरचे सरस्वती महाल या एकाच वाङ्मयव्यवहाराच्या विखुरलेल्या शाखा आहेत. अमेरिकेत मध्य-पश्चिम व मध्य-अटलांटिक प्रदेशांतील अभिलेखपालांच्या संघटना १९७२ मध्ये स्थापन झाल्या. पण अशा प्रादेशिक संघटनांचा समन्वय-संघ उभा राहायला २०१३ साल उजाडले. तेथेही चार दशके लागली, हा दिलासा नव्हे, इशारा आहे. वाळवी आणि दमट हवा एवढी सवड देत नाहीत.

सहकार्याने स्वायत्तता जाईल, असा आक्षेप घेतला जातो. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यानंतर संस्थांनी अधिक सावध होणे स्वाभाविकच होते. परंतु दार बंद केल्याने पोथी सुरक्षित होत नाही. तिच्या नाशाचा साक्षीदार तेवढा कमी होतो. कागद ज्याचा त्याच्याकडेच राहावा. फिरावी ती नोंद. वर्णनाचे समान नियम, एकत्रित सूची, मोडी वाचकांचे सामाईक प्रशिक्षण आणि आपत्तीत परस्परांकडे धावून जाण्याचा लेखी करार, एवढीच मागणी आहे.

शेतकऱ्यांचा ऊस एकत्र गाळण्यासाठी सहकार उभा करणाऱ्या समाजाला सूची एकत्र करणे अशक्य वाटावे, याचे कारण साधनांच्या अभावात शोधणे व्यर्थ आहे. ते मालकीच्या अहंकारात आहे, आणि त्या अहंकाराला ‘तांत्रिक बाब’ म्हणून अभय देणारी समीक्षाही त्यात तितकीच भागीदार आहे.