रोप नको, बी आणा!



जून महिना उजाडला की शाळाशाळांतून एक प्रकल्प हमखास दिला जातो. 'घरी एक रोप वाढवा व त्याची नोंद ठेवा.' मीही सहावीच्या वर्गाला तो वर्षानुवर्षे देत आले. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैच्या शेवटी मुलांनी आपापली रोपं शाळेत आणली आणि खिडकीखाली ओळीने मांडली. तुळस, मिरची, टोमॅटो, झेंडू. सगळी हिरवीगार, आणि जवळजवळ सगळी नर्सरीच्या काळ्या पिशवीत. आदल्या संध्याकाळी आईबाबांनी स्टेशनवरून येताना आणलेली, हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्या ओळीच्या टोकाला श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. त्यात नुसती माती. मी विचारलं, "हे काय रे?" तो मुलगा म्हणाला, "बाई, धणे पेरलेत. अजून आले नाहीत." वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. आणि त्याला वीसपैकी सात गुण दिले. पिशवीवाल्यांना अठरा.

ते सात गुण मला अजून टोचतात. कारण वह्या मी नंतर, घरी नेऊन नीट वाचल्या. इतरांच्या वहीत पहिल्या दिवसापासून 'रोप टवटवीत आहे' एवढंच. या मुलाच्या वहीत मात्र रोजची नोंद होती. 'दिवस ९. काही नाही. दिवस १०. काही नाही. एक मुंगी धणा ओढून नेत होती.' निरीक्षण म्हणतात ते हेच ना? प्रकल्प खऱ्या अर्थाने त्या एकट्याने केला होता, आणि मी गुण दिले होते नर्सरीवाल्याला.

म्हणून माझं मत मी स्पष्टच मांडते. घरची बाग सुरू करायची तर बियांपासून करावी. आणि शाळेने मुलांकडे रोप मागू नये, बी पेरायला सांगावं, मग ते उगवो न उगवो.

त्याचे धणे का आले नाहीत, याचा मी नंतर शोध घेतला. चूक त्याची थोडी आणि माझी जास्त होती. आपण ज्याला धणा म्हणतो ते खरं तर फळ आहे, त्याच्या आत दोन बिया असतात. पेरण्याआधी धणे कापडात गुंडाळून लाटण्याने हलके रगडायचे, म्हणजे त्याचे दोन भाग होतात, मग रात्रभर भिजत घालायचे. एवढं करूनही कोंब दिसायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात. त्याने अख्खे धणे पेरले होते, आणि तेही बोटभर खोल. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल गेलं की पुरे, ही गोष्ट मी वर्गात सांगितलीच नव्हती. शिवाय डब्याला खाली भोक नव्हतं. आपल्या ठाकुर्लीचा जुलै म्हणजे चार-चार दिवस ऊन नाही. धणे त्या चिखलात कुजले असणार.

इथे मला एक गोष्ट शिक्षकांनाही सांगायची आहे. आपण प्रकल्प देतो जूनमध्ये आणि मुलं पेरतात कोथिंबीर नाहीतर मेथी, कारण धणे आणि मेथीदाणे घरात असतात. पण कोकणपट्टीतल्या पावसात या भाज्या उघड्यावर टिकत नाहीत. त्या पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून घ्याव्यात. पालक, मुळा, टोमॅटोही तेव्हाच. मृगाच्या सुमारास पेरायची ती भेंडी, गवार, दोडका, कारलं, पडवळ. आजीला विचारा, ती हेच सांगेल. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरलं तर पाच-सात दिवसांत वर येतं आणि साधारण दीड महिन्यात पहिली भेंडी तोडता येते. सहामाही परीक्षेच्या आत सगळं चक्र डोळ्यांसमोर पूर्ण होतं. मुलांसाठी याहून सोयीची भाजी मला माहीत नाही.

पेरण्याआधी एक छोटा प्रयोग जरूर करा. दहा बिया मोजून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं वाळू देऊ नका. आठवड्याने किती बियांना मोड आले ते मोजा. सात आले तर उगवणशक्ती सत्तर टक्के. शेकडेवारीचा धडा इथे आपोआप होतो, आणि 'शंभरपैकी सत्तर' म्हणजे काय ते मुलाला हातात दिसतं. मग पुढचा प्रश्न विचारा: मला चौदा रोपं हवी आहेत, तर बिया किती पेरू? एरवी फळ्यावर उदाहरण घातलं की जांभया देणारी मुलं यावर भांडतात हो!

आता बी कुठलं घ्यायचं? दुकानात पाकिटं रंगीबेरंगी असतात, पण पाकिटाची मागची बाजू वाचायची. १९६६ च्या बियाणे कायद्यामुळे बियाण्याच्या लेबलावर उगवणीची टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख ही माहिती असते. बऱ्याच पाकिटांवर 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिलेलं असतं. पीक चांगलं येतं, वाईट काही नाही. पण त्या फळातलं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी निघत नाहीत; कुणी आईवर, कुणी बापावर, कुणी आजोबांवर जातं. ज्याला बी राखायचं आहे त्याने सरळ वाण घ्यावा. भेंडीत 'परभणी क्रांती' हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सरळ वाण आहे, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तो बऱ्यापैकी दाद देत नाही. एक काळजी मात्र घ्या. पाकिटातलं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते मुलांच्या तोंडात जाता कामा नये, आणि हात साबणाने धुवायचे.

बी राखणं हे लहान काम नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण घरातला नातू आजारी पडू लागला तेव्हा त्यांनी खाण्यात काय बदललं याचा विचार केला आणि जुनी गावरान बियाणी गोळा करायला लागल्या. वाल, घेवडा, भाज्या, भात. पुढे बायफ संस्थेच्या मदतीने त्यांची बियाणे बँक उभी राहिली. २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. आपण वर्गात त्यांच्यावर भाषणं बसवून घेतो, फलक लिहितो. पण ज्या मुलीने राहीबाईंवर भाषण पाठ केलं तिने स्वतः एक बी राखलेलं नसतं. हे मला पटत नाही. भेंडीच्या झाडावर एक भेंडी तोडायची नाही, ती वाळून तडकू द्यायची, बिया काढून कागदाच्या पुडीत नाव आणि तारीख घालून ठेवायच्या. सावलीत चांगल्या वाळलेल्या हव्यात, पुडीत चिमूटभर राख टाकली तर कीड लागत नाही. एवढंच तर करायचं आहे.

"अहो बाई, पण जागा कुठे आहे?" हा प्रश्न मला पालकसभेत दरवर्षी येतो. रास्त आहे. ठाकुर्लीत रेल्वेच्या बैठ्या चाळींच्या मागे पूर्वी परसू असायचं, अळू आणि शेवगा तर न लावताच यायचा. आता इमारतीला इमारत चिकटली. तरी खिडकीची ग्रिल असते, छोटी बाल्कनी असते. आधी तिथलं ऊन मोजा. सुट्टीच्या दिवशी दर तासाला उन्हाची कड खडूने आखायची. पाच-सहा तास ऊन असेल तर भेंडी, मिरची, दोडका. दोन-तीन तासच असेल तर फळभाजीचा हट्ट सोडा, पुदिना, अळू आणि पालेभाज्या लावा.

गच्चीचं मात्र जपून. ओल्या मातीचं वजन एका घनमीटरला दीड टनाच्या वर जातं. बारा इंची कुंडी मातीने भरून पाणी घातलं की पंचवीस किलोच्या आसपास भरते. वीस कुंड्या म्हणजे अर्धा टन. २०१५ च्या जुलैत आपल्याच ठाकुर्लीत मातृछाया ही इमारत कोसळली आणि माणसं दगावली. त्या रात्रीनंतर जुन्या इमारतीत राहणारा माणूस गच्चीवरच्या ओझ्याला आणि गळतीला घाबरतो, यात त्याचं काही चुकत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी कुंड्या खाली उतरवा म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका. माती कमी करा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा कुजवून त्यात भाज्या, फळझाडं वाढवली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनीही प्रयोग परिवारातून अशाच कुजवलेल्या पाचोळ्यावरच्या शेतीचा प्रसार केला. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. तेव्हा डब्यात तीन भाग कुजलेला पाचोळा आणि एक भाग माती, खाली भोकं, भोकाखाली ताटली. वजन बरंच कमी होतं आणि खालच्या काकूंच्या छताला ओलही येत नाही.

मसाल्याच्या वनस्पतींबद्दल थोडं सांगते, कारण तिथे सगळ्यांचीच फसगत होते. बाल्कनीत जाड, केसाळ पानांचा 'ओवा' असतो ना, भजी करतो तो? त्याचा आणि डब्यातल्या ओव्याचा वास सारखा, पण झाडं वेगळी. तो फांदी खोचून लावायचा. पुदिनाही भाजीच्या जुडीतली काडी पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायचा, गवती चहाचा ठोंब मागून आणायचा. म्हणजे प्रत्येक गोष्ट बियांपासूनच, असा माझाही अट्टहास नाही. मिरची, तुळस, सब्जा, मोहरी मात्र बियांपासून सहज येतात. मिरचीच्या रोपाला चार-सहा पानं आली की मगच मोठ्या डब्यात हलवा. आणि कोवळ्या रोपांना पाणी बेताने! जमिनीलगत मान मोडून रोपं एकाएकी आडवी होतात, ती बहुतेक वेळा जास्त पाण्यामुळे. माझी दोन वर्षं अशीच गेली. तिसऱ्या वर्षी कबुतरांनी खाल्ली. त्यावर जुन्या ओढणीचं आच्छादन हा एकच उपाय मला लागू पडला.

चौथ्या मजल्यावर दोडक्याला फुलं येतात पण दोडका धरत नाही, अशीही तक्रार असते. वेलीवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलासा दोडका आधीच दिसतो. इतक्या उंच कीटक कमी फिरकतात, म्हणून नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाला आपणच लावायचा. पण सकाळी शोधाल तर फुलं मिटलेली. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कारल्याची सकाळी. परागीभवनाची आकृती काढून दहापैकी दहा मिळवणारा माझा एक विद्यार्थी पहिल्यांदा ते फूल हातात धरून म्हणाला, "बाई, हे खरंच असं असतं?" मला हसावं की रडावं कळेना.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, भाजी दारात मिळते. मान्य. घरच्या भाजीने पैसे वाचतात असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या सहा डब्यांतून आठवड्याला एका वेळची भेंडी निघाली तर मी खूश असते. पण लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेचे हिरवे वाफे आपण रोज बघतो. रेल्वेने आपली रिकामी जमीन जुन्या 'ग्रो मोअर फूड' योजनेत कर्मचाऱ्यांना लागवडीला दिली होती. असले काही वाफे नाल्याच्या पाण्यावर पोसले जातात अशा बातम्या वर्षानुवर्षे येतात. आपण त्या वाचतो आणि संध्याकाळी पालकाची जुडी घेतो. ज्या मुलाने स्वतः पालक वाढवला तो निदान विचारतो, याला पाणी कुठलं?

आता गुणांचं. त्या वर्षानंतर मी गुणदान बदललं. वीसपैकी बारा गुण रोजच्या नोंदीला, पाच उगवण चाचणीच्या गणिताला आणि तीन राखलेल्या बियांच्या पुडीला. झाडाला शून्य. पहिल्या वर्षी पालकांनी कुरकुर केली. एका आईने विचारलं, "मग आम्ही विकत आणायचं काहीच नाही का?" मी म्हटलं, "एक वही आणा."

श्रीखंडाच्या डब्याचा तो मुलगा आता मोठा झाला. त्याचे ते सात गुण मला बदलता आले नाहीत, निकालपत्रक केव्हाच गेलं होतं. तो डबा मात्र मी मागून घेतला, तळाला तापलेल्या सुईने पाच भोकं पाडली. यंदा त्यात वर्गातल्या मुलांनी राखलेलं भेंडीचं बी पेरलं आहे. दहा पेरले. आज आठवा दिवस, सहा वर आलेत.