पाचशे भाषांना दोष देऊ नका

आपल्या सीमाभागात एक वाक्य फार सैलपणे फेकले जाते. "दोन भाषांच्या मुलखात भांडणे ही व्हायचीच." ते अधिक ठासून सांगायचे असले की बोलणारा थेट आफ्रिकेत पोचतो. "नायजेरियाच बघा ना! पाचशे भाषा. त्या देशाचे वाटोळे होणार नाही तर काय?" यावर माना डोलावणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांना नायजेरियाची राजधानी १९९१ सालीच लागोसहून अबुजाला गेली याचाही पत्ता नसतो.

या वाक्याला माझा सक्त विरोध आहे. भाषा पाचशेच्या घरात आहेत, हे खरे. पण तिथला सामान्य माणूस रोज ज्या गोष्टींवरून हमरीतुमरीवर येतो त्या म्हणजे पेट्रोल, वीज, तांदूळ आणि डॉलरचा भाव. भाषेचा क्रम पुष्कळ खाली लागतो. शेजाऱ्यांत खरी फूट पडते ती सरकारी शिक्क्याच्या एका कागदामुळे.

माझा एक मावसभाऊ काही वर्षे लागोसला नोकरीस होता. त्याच्याकडून मला तिथल्या एका 'संस्थे'ची माहिती मिळाली. सकाळी वर्तमानपत्राच्या ठेल्यापाशी माणसे जमतात. अंक विकत घेणारे थोडे, मांडलेल्या अंकांचे मथळे उभ्याउभ्या वाचून वाद घालणारे फार. या मंडळींना तिथे थट्टेने 'फ्री रीडर्स असोसिएशन' म्हणतात. (आपल्या वाचनालयांतल्या सभासदांनी हे मनाला लावून घेऊ नये.) तिथे योरुबा टॅक्सीवाला असतो, मोटारींचे सुटे भाग विकणारा इग्बो असतो, परकीय चलन बदलून देणारा हौसा असतो. तिघांच्या मातृभाषा एकमेकांना कळत नाहीत. वाद मात्र तासभर रंगतो. कसा? पिजिन इंग्रजीत! या भाषेला ना राजमान्यता, ना शाळेत तास. बाजाराने ती घडवली आणि बाजारानेच वाढवली. बीबीसीला २०१७ साली तिच्यात स्वतंत्र बातमीसेवा सुरू करावी लागली. 'ये' या अर्थी योरुबात 'वा', हौसात 'झो' आणि इग्बोत 'बिया' म्हणतात. हे तीन शब्द जोडून लोकांनी 'वाझोबिया' असा एक शब्द केला, आणि तो देशाच्या एकीची खूण म्हणून रूढ झाला. भाषांमुळे फुटलेल्या देशात असला शब्द जन्माला येत नाही.

आता हा ठेल्यावरचा माणूस बोलतो काय, ते ऐका. पहिला विषय पेट्रोल. १९५६ साली ओलोइबिरी येथे तेल सापडले आणि पुढे हा देश आफ्रिकेतला आघाडीचा तेल-उत्पादक झाला. पण सरकारी मालकीचे तेलशुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षे जवळजवळ बंद राहिले. कच्चे तेल परदेशी जायचे आणि पेट्रोल परदेशातून यायचे. ऊस आपला, गाळप परक्याकडे, साखर पुन्हा विकतची! वरचा फरक सरकार सबसिडीतून भरी.

अर्थशास्त्री सांगत राहिले की ही सबसिडी खजिना पोखरते, तिचा फायदा श्रीमंतांच्या मोटारींना आणि सरहद्दीपलीकडे पेट्रोल पळवणाऱ्यांना होतो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ठेल्यावरच्या माणसाचा प्रश्न मात्र साधा होता: चोर ठाऊक आहे, तर चोराला धरा, माझा दिवा का विझवता? १ जानेवारी २०१२ रोजी सरकारने सबसिडी काढली आणि लिटरचा ६५ नायरा भाव १४० च्या पुढे गेला. देशभर संप झाला. ख्रिस्ती निदर्शकांनी नमाज पढणाऱ्या मुसलमान सोबत्यांभोवती कडे करून पहारा दिल्याची छायाचित्रे त्याच आंदोलनातली. अखेर भाव ९७ वर आणावा लागला. मग संसदीय समितीने चौकशी केली, सबसिडीच्या नावाखाली झालेली अफाट लूट उघडी पडली. आणि पुढे त्याच समितीच्या अध्यक्षाला, चौकशीतून एका कंपनीला वगळण्यासाठी लाच घेतल्याबद्दल २०२१ साली न्यायालयाने शिक्षा ठोठावली! ठेल्यावरच्या माणसाला अडाणी म्हणणाऱ्यांनी या प्रकरणात कोण अडाणी ठरला ते सांगावे.

२९ मे २०२३ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी, बोला टिनुबूंनी, शपथविधीच्या भाषणातच सबसिडी संपल्याचे सांगितले. १८५ नायराच्या आसपासचे पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या घरात गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये हजाराला टेकले. जून २०२३ मध्ये चलनही मोकळे सोडले. तेव्हा डॉलरला पावणेपाचशेच्या आत असलेला सरकारी भाव २०२४ मध्ये पंधराशेच्या पुढे गेला. सरकारने किमान मासिक वेतन ३०,००० वरून ७०,००० केले आणि स्वतःची पाठ थोपटली. वाचकहो, पाटी-पेन्सिल घ्या. जुन्या वेतनात महिन्याला १६० लिटर पेट्रोल येत होते. नव्या, 'दुपटीहून अधिक' वेतनात ७० लिटर येऊ लागले. कोणी म्हणेल, गरिबाला पेट्रोल कशाला हवे? अहो, तिथे वीज सतत जाते, म्हणून पेट्रोल म्हणजेच घरातला दिवा, पंखा आणि शिंप्याचे यंत्र. सर्वांत लहान जनरेटरला लोकांनी नावच ठेवले आहे, 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी जरा बरा. स्वतःच्या दारिद्र्यावर इतके नेमके भाष्य आमच्या अर्थसंकल्पी भाषणांत मला सापडलेले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर आले, ते योरुबांच्या लागोसमध्ये आले आणि हौसांच्या कानोमध्येही आले. तांदळाचा भाव मातृभाषा विचारून चढत नाही.

मग शेजारी शेजाऱ्यावर उठतो केव्हा? इथे तो कागद येतो. १९७९ च्या राज्यघटनेने सरकारी पदांत सर्व प्रदेशांना वाटा मिळावा असे तत्त्व घातले. हेतू चांगला होता. पण वाटा द्यायचा तर कोण कुठला हे ठरवावे लागते, आणि ते ठरू लागले बापजाद्यांच्या मूळ गावावरून. तुम्ही कुठे जन्मलात, कुठे कर भरता, याला किंमत नाही. स्थानिक शासन 'मूळ निवासी' असल्याचा दाखला देते. तो नसेल तर नोकरी, शिष्यवृत्ती, विद्यापीठातले शुल्क, सगळीकडे तुम्ही पाहुणे. मग आजोबांपासून त्याच गल्लीत राहत असलात तरी! जॉस शहरात २००१ आणि २००८ साली ज्या भीषण दंगली झाल्या, त्यांच्या मुळाशी मूळचे कोण आणि उपरे कोण हाच तंटा होता. मार्च २०२३ मधल्या लागोसच्या निवडणुकीत इग्बो वाटणाऱ्या मतदारांना धमकावल्याच्या, हुसकावल्याच्या बातम्या आल्या. तेच लागोस, तेच पिजिन बोलणारे लोक. मध्ये कोणी काडी घातली, हे निराळे सांगायला नको.

"आणि बियाफ्राचे युद्ध?" असे कोणी विचारील. जरूर विचारावे. १९६७ ते १९७० च्या त्या युद्धाआधी १९६६ मधले दोन लष्करी उठाव होते, उत्तरेत झालेली इग्बोंची कत्तल होती आणि तेलाचे उत्पन्न कोणाच्या हाती याचा झगडा होता. एवढे सगळे पुसून 'भाषांचे भांडण' अशी चिठ्ठी त्यावर चिकटवणे हा आळस आहे. शिवाय तो सोयीचा आळस आहे. दोष भाषेला दिला की सत्तेवरच्या कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

आपणही त्या आळसात मागे नाही. २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि एका मंत्र्याने त्या लोकांची तुलना कर्करोगाशी केली. नंतर दिलगिरीही आली. पण त्या दिवसांत त्या माणसांचे स्वतःचे म्हणणे काय, हे ऐकण्याची तसदी आपल्यापैकी किती जणांनी घेतली? आपल्याला त्यांच्याविषयी मते होती; त्यांनाही मते असतील हे सुचले नाही.

ज्या घरात आजी भाजीवालीशी कानडीत घासाघीस करते आणि नातवाला मराठीत दटावते, त्या घराला पाचशे भाषांची भीती दाखवू नये. भीती बाळगायची तर ती पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला पाहुणा ठरवणाऱ्या शिक्क्याची बाळगावी, मग तो शिक्का कोणत्याही लिपीत असो. आणि आपल्याच भाषेचा माणूस जेव्हा तसला शिक्का आपल्या हाती द्यायला येईल, तेव्हा पहिला नकार आपण द्यावा.