घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जगाचा इतिहास: पुस्तक घेण्याआधी एवढं तपासा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक आता पुण्या-मुंबईपुरते उरलेले नाहीत. त्यांच्याकडून एक प्रश्न सारखा येतो. गणिताचं जमतं, भाषेचं जमतं, विज्ञानाला यूट्यूब आहे, पण जगाच्या इतिहासासाठी काय घ्यायचं? विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये बहुतेक वेळा एखाद्या अमेरिकन संचाची लिंक तयारच असते. पुस्तकं, वर्कबुक, नकाशे, ऑडिओ, सगळं एकत्र. किंमत बघून छाती दडपते, पण "एकदा घेतलं की चार वर्षं बघायला नको" म्हणून मन तयार होतं.

माझं मत सांगते. ते "बघायला नको" हेच धोक्याचं आहे. संच घ्या, पण आधी त्याची परीक्षा घ्या. पहिलं प्रकरण वाचून काही कळत नाही, पिरॅमिड सगळेच छान लिहितात. मधली दोन-तीन पानं उघडा.

पहिलं पान अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं, १८६१ ते १८६५. लिंकन असेल, गुलामगिरी असेल, लढाया असतील. मुंबई आहे का? उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर आपल्याकडे वळली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे झाकून घेत होते. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव कोसळले, बँका बुडाल्या. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज तसंच राहिलं, वर सारावाढ झाली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक सावकारांच्या कागदपत्रांवर तुटून पडले, त्यामागे ही सगळी साखळी आहे. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना. पुण्यात बसलेला माणूस अमेरिकेचा इतिहास आपला म्हणून वाचत होता. मग आपल्या मुलांनी तो परक्याचा म्हणून का वाचायचा?

अमेरिकन लेखक सुपे लिहिणार नाही, ती अपेक्षाही नाही. पण ते तुम्हाला माहीत पाहिजे, म्हणजे त्या पानावर थांबून तुम्ही सांगू शकाल. तयार संचात नेमकं हे थांबणं सुटतं, कारण आठवड्याचा धडा आखलेला असतो.

दुसरं पान पहिल्या महायुद्धाचं. फ्रान्समधले खंदक, चिखल, विषारी वायू सगळीकडे असतात. मेसोपोटेमिया शोधा. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी जे सैन्य कोंडलं, त्याचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. उपासमार झाली, घोडे कापून खायची वेळ आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैदेत हजारो मेले. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांचा हा इतिहास आहे, पण मुलाला पहिलं महायुद्ध म्हणजे फक्त फ्रान्स वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात १९४३ चा बंगालचा दुष्काळ आहे का, तेही बघून घ्या. अंदाजे तीस लाख माणसं गेली, आणि बऱ्याच पुस्तकांत त्याला एक ओळही नसते.

तिसरं पान १४९२ आणि १४९८ चं. "शोध लावला" हा शब्द कसा वापरलाय ते बघा. गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इकडे यायला मालिंदीहून वाटाड्या मिळाला होता. म्हणजे वाट माहीत असलेले लोक आधीच होते. हे मुलाला समजवायला पुस्तक लागतच नाही, एकादशीची साबुदाणा खिचडी पुरते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजं आली नसती तर आपला उपास कसा असता, यावर दहा वर्षांचं पोर तासभर बोलतं. (आजीला हे पटवायची जबाबदारी तुमची.)

आता दुसऱ्या बाजूचं. "पाश्चात्त्यांचं नको" म्हणून काही पालक थेट व्हॉट्सअॅपच्या इतिहासावर येतात. विमानं आमची, सगळे शोध आमचे, जग आमच्याकडूनच शिकलं. ही गोळी तर आणखी वाईट, कारण यात मुलाला पुरावा विचारायची सवयच लागत नाही. आणि खरं सांगायचं तर खोट्याची गरजही नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही आपली गावं आहेत. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, त्याची कबर खुलताबादला आहे. एसटीने जाऊन बघता येईल असा हा जगाचा इतिहास आहे.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर एकच पुस्तक नको. सुझन वाइज बाउर यांचे 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड'चे चार भाग घरी शिकवणाऱ्यांत लोकप्रिय आहेत. गोष्टी रंगवून सांगितल्यात, भारत-चीन-आफ्रिकाही आहेत. पण पहिल्या भागात अब्राहम-जोसेफच्या बायबलमधल्या कथा इतिहासाच्याच ओळीत येतात. त्या पुराव्याच्या की श्रद्धेच्या, हे मुलाशी बोला. रामायणाबद्दल बोलताना लावता तोच नियम तिथेही लावा. गोंब्रिख यांचं छोटं पुस्तक १९३५ मध्ये सहा आठवड्यांत लिहिलेलं, अजूनही वाचनीय, पण ते मुळात युरोपचं आहे. नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून इंदिरेला लिहिलेली दोनशेच्या आसपास पत्रं हा तर घरच्या शिक्षणाचाच नमुना. माहिती आता जुनी झालीय, पण आशिया मध्यभागी ठेवून जगाकडे कसं बघायचं ते तिथे दिसतं. राजकारण बाजूला ठेवा आणि पंधरा वर्षांच्या मुलाला वाचू द्या.

फुकटात म्हणाल तर बालभारतीची अकरावी-बारावीची इतिहासाची पुस्तकं मराठीत पीडीएफ मिळतात, वसाहतवाद, महायुद्धं, शीतयुद्ध सगळं आहे. भाषा कोरडी आहे, म्हणून ती पालकांनी वाचायची आणि मुलांना सांगायची. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. एनआयओएसमधून दहावी देणार असाल तर त्यांच्या सामाजिक शास्त्रात जगाचा इतिहास येतोच, पण त्यासाठी आठव्या वर्षापासून घोकंपट्टी नको. दहाच्या आतल्या मुलाला भिंतीवर नकाशा आणि सनावळीची लांब कागदी पट्टी पुष्कळ झाली.

यात एक गोष्ट मात्र मला खुपते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावा असा जगाचा ताजा, सचित्र, सलग इतिहास मराठीत शोधायला गेलं की हात रिकामे येतात. साने गुरुजींनी हेन्री थॉमसचं पुस्तक मराठीत आणलं होतं, त्याला कित्येक दशकं झाली. विश्वकोश करणाऱ्या, 'किशोर' काढणाऱ्या राज्याला हे जमू नये? ज्या घरात इंग्रजी नाही आणि परदेशी संच परवडत नाही, तिथल्या मुलाचं काय? आणि ते मूल घरी शिकणारं असायला पाहिजे असंही नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनाही हेच पुस्तक लागणार आहे.

तोपर्यंत एक करता येईल. तुमच्या तालुक्याच्या ग्रंथालयाला दरवर्षी खरेदीसाठी अनुदान येतं. यादी ठरायच्या आत अर्ज द्या, चार-पाच पालकांच्या सह्या घ्या आणि जगाच्या इतिहासाची दोन-तीन पुस्तकं आणि एक चांगला ॲटलस मागा. आमच्याकडे पुढची बैठक महिनाअखेर आहे. येणार असाल तर कळवा, अर्ज एकत्रच देऊ.